मजकुरातले आकडे, संख्यांचा अ‍ॅरे आणि मधला स्वल्पविराम

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानातून हळदीचे क्विंटलमागचे तीन दर एका ओळीत टाइप होऊन आले: ‘१४,५००, १६,२५०, १५,१००’. ही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची सलग ओळ, प्रत्येक स्वल्पविरामावर तोडली, तर अ‍ॅरेत, म्हणजे संख्यांच्या क्रमवार यादीत, तीनऐवजी सहा संख्या बसतात आणि पहिला दर चौदा रुपये होतो. एवढे होऊनही प्रोग्राम कसलीच तक्रार करत नाही. हा घोळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

टाइप केलेला अंक संगणकाच्या लेखी संख्या नसून अक्षर असतो. १९६३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आस्की या, अक्षरांना क्रमांक देणाऱ्या, संकेतावलीत शून्य ते नऊ या अंकांना ४८ ते ५७ असे सलग क्रमांक मिळाले, त्यामुळे ४८ वजा केले की अंकाची किंमत हाती येते. आधीच्या उत्तराला दहाने गुणून नवा अंक मिळवत गेले की संख्या तयार होते. हा भाग सोपाच आहे. खरा प्रश्न, एक संख्या कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हा आहे.

१९५७ च्या फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेने तो रकान्यांवर सोडवला. ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डावर (भोके पाडून माहिती नोंदवायच्या कार्डावर) कोणती संख्या किती रकान्यांत बसेल हे आधीच सांगावे लागे, आणि जुन्या फोर्ट्रानमध्ये रिकामा रकाना शून्य धरला जात असल्यामुळे आकडा एक घर डावीकडे सरकला की दसपट होई. पुढे सी या प्रोग्रामिंग भाषेतले ‘एटूआय’ हे मजकुरातून संख्या वाचणारे फंक्शन पहिल्या परक्या अक्षरापाशी थांबू लागले. मात्र अंकच न सापडल्यास तेही शून्यच देते, म्हणून खरे शून्य आणि फसलेले वाचन यांत फरक करता येत नाही. माझ्या मते ही त्यातली सर्वांत घातक उणीव. १९८९ च्या सी प्रमाणकातले ‘एसटीआरटूएल’ हे तसेच फंक्शन वाचन कुठे थांबले हेही कळवते.

१९९१ मध्ये आलेल्या युनिकोड या अनेक लिप्यांसाठीच्या संकेतावलीने देवनागरी अंकांना २४०६ ते २४१५ हे स्वतंत्र क्रमांक दिले. पायथन ३ या प्रोग्रामिंग भाषेतले ‘इंट’ हे फंक्शन असे अंक थेट संख्या म्हणून स्वीकारते, याचे मराठीत नोंदी ठेवणाऱ्याला फार मोल आहे. पण ‘१४,५००’ मधला स्वल्पविराम दिसताच ते त्रुटी दाखवते. म्हणून वरची ओळ आधी ‘स्वल्पविराम आणि मोकळी जागा’ या जोडीवर तोडावी, मग प्रत्येक तुकड्यातला उरलेला स्वल्पविराम काढावा. टाइप करताना ती मोकळी जागा राहून गेली, तर मात्र दोन दर पुन्हा एकमेकांना चिकटतात. त्यामुळे दोन दरांमध्ये मुळातच उभी रेघ घालून घेणे मला अधिक भरवशाचे वाटते.