खुराचं दुखणं, प्रवास आणि स्पर्धेचे नियम : पार्श्वभूमी

स्पर्धेच्या गावी पोचल्यावर घोडा गाडीतून उतरतो आणि पहिल्या चार पावलांतच पुढचा पाय जपून टाकतोय हे लक्षात येतं. अशा वेळी सोबतच्या माणसांकडे फार थोडे उपाय असतात. घरच्या पागेत जी गोळी सहज दिली असती ती इथे देता येत नाही, जे मलम लावलं असतं तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावता येत नाही. नव्या स्वारांना हे जाचक वाटतं. पण यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या घोड्याच्या पायानं लिहिलेला आहे, म्हणून त्याचा इतिहास माहीत असावा.

आधी दुखण्याबद्दल. खूर म्हणजे पायाच्या शेवटच्या हाडाभोवतीचं कडक कवच. आत सूज आली, रक्त साकळलं किंवा पू झाला तर कवच ताणलं जात नाही. आपल्या नखाखाली रक्त साकळल्यावर जसं ठणकतं तसं होतं, फक्त इथे त्याच नखावर पाचशे किलोंचं जनावर उभं असतं. त्यातला निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर असतो. चालत्या गाडीत घोडा तासन् तास तोल सावरत उभा राहतो, बसत नाही. जुनं, दबलेलं दुखणं प्रवासात वर येतं ते यामुळे.

गाड्या नव्हत्या तेव्हा घोडा प्रवास करायचा तो स्वतःच्या खुरांवरच. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराला मोहिमेवर निघण्याआधी ‘नालबंदी’ म्हणून आगाऊ रक्कम मिळे. नाव नालांचं असलं तरी पैसे एकूण तयारीसाठी असत. इंग्लंडमध्ये शर्यतीचे घोडे एका मैदानातून दुसऱ्या मैदानात कित्येक दिवस चालवत नेत. घोडा पोचायचा, पण शर्यतीसाठी ताजा उरेलच असं नाही.

हे चित्र बदललं १८३६ मध्ये. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी एलिस नावाच्या घोड्याला दक्षिणेतल्या गुडवुडहून उत्तरेतल्या डॉनकास्टरपर्यंत घोड्यांनी ओढायच्या बंद गाडीतून नेलं. अंतर सुमारे अडीचशे मैल. घोडा अजून दक्षिणेतच आहे, म्हणजे तो वेळेत पोचत नाही, असं धरून लोकांनी त्याच्याविरुद्ध पैसे लावले होते. एलिस तीन दिवसांत पोचला आणि डॉनकास्टरची सेंट लेजर ही मोठी शर्यत जिंकला. बेंटिंक यांचा हेतू पैजा जिंकण्याचा होता, घोड्याच्या खुरांची काळजी हा नव्हे. तरी दमलेल्या पायांनी शर्यतीला उतरायची सक्ती त्या दिवसापासून संपत गेली. पुढे रेल्वे आली, बोटी होत्याच, नंतर विमानं आली.

बेंटिंक यांच्या थोडं आधी दुसरी एक वाट निघाली होती, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. इंग्रज पशुवैद्य जेम्स टर्नर यांनी १८१६ मध्ये खुराच्या मागच्या भागातल्या नॅव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडाभोवतीचा आजार हे पुढच्या पायाच्या लंगडण्याचं मोठं कारण असल्याचं मांडलं. इलाज सापडत नव्हता, मात्र खुराच्या मागच्या भागाला संवेदना पुरवणारी नस कापली की लंगडणं थांबतं हे पशुवैद्यांना कळलं. घोडा सरळ पळू लागे. आतला आजार जिथल्या तिथे राही. त्यात पाय सुन्न झाल्यानं घोडा तो जपत नसे, आणि कधी हाड मोडे तर कधी स्नायूबंध तुटे. दुखणं हीच त्या पायाची राखण होती, ती काढून घेतली जात होती. आजही ही शस्त्रक्रिया काही घोड्यांवर होते, पण सुन्न पायाच्या घोड्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरता येत नाही.

सुरीचं काम पुढे गोळीनं केलं. फेनिलब्युटाझोन हे औषध १९४९ मध्ये माणसांच्या संधिवातासाठी आलं आणि पुढच्या दशकात घोड्यांच्या तबेल्यात पोचलं. घोडेवाले त्याला नुसतं ‘ब्यूट’ म्हणतात. सूज आणि दुखणं ते खरोखर कमी करतं. आजारी घोड्यासाठी वरदान आहे. प्रश्न स्पर्धेच्या दिवसाचा होता. ४ मे १९६८ रोजी डान्सर्स इमेज हा घोडा केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नावाजलेली शर्यत सगळ्यांच्या मागून येऊन जिंकला. त्याचे घोटे सतत सुजत आणि डर्बीच्या आठवड्यात त्याला ब्यूट दिलं गेलं होतं. लघवीच्या तपासणीत ते सापडलं, बक्षीस काढून घेतलं गेलं आणि खटला कित्येक वर्षं चालला. मालकाची बाजू काहीही असो, औषध शरीरातून कधी जातं याचा अंदाज चुकू शकतो हे त्या दिवशी सगळ्या जगाला कळलं.

शर्यतीबाहेरच्या अश्वक्रीडेत, म्हणजे जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या), ड्रेसाज (ठरलेल्या चाली करून दाखवणं) आणि इव्हेंटिंगमध्ये (हे दोन्ही आणि रानातली धाव), नियम आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे, म्हणजे एफईआयचे. तिथे ठरावीक प्रमाणात ब्यूट चालत असे. १९९३ मध्ये ते बंद झालं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जर्मनीचं जंपिंगचं सांघिक सुवर्ण गेलं, कारण गोल्डफिव्हर या घोड्याच्या कातडीला लावलेल्या मलमातलं स्टेरॉइड नमुन्यात निघालं. २००८ ला, बीजिंग ऑलिंपिकच्या हाँगकाँगमधल्या जंपिंग स्पर्धेत, चार घोड्यांच्या नमुन्यांत मिरचीतलं कॅप्सायसिन किंवा त्याच्यासारखं द्रव्य सापडलं. ते वेदनाशामक आहे, आणि पायाला चोळलं तर कातडी हुळहुळी होते, मग अडथळ्याच्या दांडीला पाय लागला की घोड्याला जास्त झोंबतं. नॉर्वेचं सांघिक कांस्य गेलं.

इतकं होऊनही २००९ मध्ये एफईआयच्या कोपनहेगनच्या सभेत थोड्या मतांच्या फरकानं ब्यूटसारख्या औषधांना मर्यादित परवानगी द्यायचा ठराव मंजूर झाला. युरोपातून एवढा विरोध झाला की अंमलबजावणी थांबवावी लागली, आणि २०१० मध्ये तैपेईत तो विषय मिटला : स्पर्धेत ही औषधं नाहीत. मला हा निर्णय योग्य वाटतो. थोडं दुखणं चालेल असं एकदा म्हटलं की थोडं म्हणजे किती हे ठरवणारा माणूस घोड्याचा मालक असतो.

आता निकाल पायच देतो. इव्हेंटिंगमध्ये स्पर्धेआधी आणि पुन्हा शेवटच्या जंपिंगआधी घोड्यांची तपासणी होते. टणक, सपाट पट्टी असते. स्वार खाली उतरून, लगाम हातात सैल धरून घोड्याच्या बाजूनं पळतो आणि घोडा दुडक्या चालीनं जातो. पंच आणि डॉक्टर बाजूला उभे. पुढचा डावा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर झटकतो, उजव्यावर येताना खाली सोडतो. टापांचा आवाजही सारखा पडत नाही. शंका आली तर घोड्याला बाजूच्या जागेत नेऊन तपासतात आणि पुन्हा पळवून बघतात. काही वेळा हा निकाल कठोर लागतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या टिफनी फॉस्टर यांचा व्हिक्टर हा घोडा बाद झाला, तो पुढच्या डाव्या पायात कातडी आणि खूर जुळतात त्या कडेवर हात लावताच घोड्याला दुखत होतं म्हणून. कुणी गैरप्रकार केल्याचा आरोप नव्हता.

मग प्रवासात उरतं काय? थंडावा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये अँड्र्यू व्हॅन एप्स आणि ख्रिस्तोफर पॉलिट यांनी २००४ मध्ये दाखवलं की पाय सलग बर्फात ठेवला तर खुरातलं हाड आणि कवच यांना जोडणाऱ्या थराचा दाह रोखता येतो. मऊ, जाड अंथरूण. सैल झालेला नाल काढून खुराला बूट. पू झाला असेल तर नालबंद आणि डॉक्टर चिमट्यानं खूर दाबून नेमकी जागा शोधतात, वाट करून देतात, पोटीस बांधतात. काल पाय टेकत नसलेला घोडा कधी दोन दिवसांत चालू लागतो. सोबतच्या माणसानं रोज करायची गोष्ट सोपी आहे : घोट्याच्या मागे बोटं ठेवून नाडी बघणं आणि तळहातानं चारही खूर चाचपणं. एकच खूर गरम आणि तिथे नाडी ठसठशीत उडतेय, तर डॉक्टरांना लगेच बोलवायचं. ब्यूट दिलंच तर एफईआयच्या यादीप्रमाणे ते घोड्याच्या शरीरात सापडण्याचा काळ ७ दिवसांचा आहे, आणि डॉक्टर त्यावर आणखी दिवस धरतात. म्हणजे ती स्पर्धा सोडायची.

मुंबई-पुण्याच्या शर्यतींचे घोडे दर पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात महालक्ष्मीला हलतात, त्यामुळे प्रवासानंतरचे पाय आपल्याकडच्या सईसांना नवे नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांची धार मात्र २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत जवळून दिसली. भारतानं ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. दोनच दिवसांनी वैयक्तिक अंतिम फेरीत त्याच्या एमराल्ड या घोड्याच्या पुढच्या पायावर रक्त दिसलं आणि पंचांनी त्याला बाद केलं.