वाऱ्यापेक्षा भरतीवर : 1609 मध्ये 'हाफ मून' हडसन नदीत कसं चाललं

शोधमोहिमांच्या काळातल्या जहाजांचा खरा कस बऱ्याचदा नदीच्या मुखाशी लागायचा. भर समुद्रात पाणी अथांग आणि वळायला हवी तेवढी जागा. नदीत दोन्हीची टंचाई. त्यात चौकोनी शिडांना वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नसे. वारा समोरून असेल तर आडवेतिडवे फेरे घेत पुढे सरकायचं, आणि अरुंद पात्रात एकेका फेऱ्यात लगेच समोरचा काठ यायचा. तरीही ही जहाजं शेकडो किलोमीटर आत गेली. कशी, ते 'हाफ मून' या जहाजाच्या प्रवासावरून नीट कळतं, कारण जहाजावरच्या रॉबर्ट जुएटने रोजची नोंद ठेवली होती.

कप्तान हेन्री हडसन इंग्रज, पण चाकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची. कंपनीने त्याला रशियाच्या उत्तरेकडून आशियाची वाट शोधायला धाडलं होतं. बर्फाने अडवल्यावर त्याने हुकूम गुंडाळून ठेवला आणि पश्चिमेकडून तरी वाट मिळेल या आशेने जहाज अमेरिकेकडे वळवलं. सुमारे 80 टनांचं जहाज आणि वीसेक माणसं, काही डच, काही इंग्रज. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते आजच्या न्यूयॉर्कजवळ, हडसन नदीच्या मुखाशी पोचलं.

तिथून पुढे मोठं जहाज मागे आणि छोटी होडी पुढे. होडीतला माणूस दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडून खोली मोजायचा. दोरीवर वावांच्या (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खुणा म्हणून चामड्याचे आणि कापडाचे तुकडे बांधलेले, म्हणजे अंधारातही हाताला समजावं. शिशाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरायची. तिला वाळू, चिखल, शिंपले जे चिकटून येईल त्यावरून तळ कसा आहे आणि नांगर धरेल का, हे ठरायचं.

काम जोखमीचं होतं. 6 सप्टेंबरला जॉन कोलमन चार जणांसह पुढचं पाणी मोजायला गेला. परतताना दोन होड्यांमधून आलेल्या स्थानिकांनी हल्ला केला आणि गळ्यात बाण लागून कोलमन मेला. रात्र पडली, पावसाने बंदुकीची वात विझली, जहाज दिसेना. प्रवाहाची ओढ इतकी की होडीचा छोटा नांगर तळाला धरेना. उरलेल्यांनी रात्रभर वल्ही मारत जीव धरला आणि सकाळी दहाला जहाज गाठलं.

हडसन नदीचा मोठा फायदा हा की समुद्राची भरती तिच्यात सुमारे 240 किलोमीटर आत, आजच्या ट्रॉय शहरापर्यंत चढते. भरती लागली की नांगर उचलायचा, ओहोटी लागली की टाकायचा. सोबतीला वारा मिळाला तर उत्तमच. फक्त एक पेच होता. नुसत्या प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या जहाजाचं सुकाणू चालत नाही, कारण त्याच्यावरून पाणी जातच नाही. मग होडीतून दोर बांधून, वल्ही मारत जहाजाचं तोंड सरळ ठेवायचं. तेही जमेना तर छोटा नांगर होडीने पुढे नेऊन टाकायचा आणि त्याचा दोर ओढत जहाज खेचायचं. कोकणातल्या खाडीत गलबत घातलेल्या तांडेलाला यात नवं काही वाटलं नसतं.

आजच्या ऑल्बनीच्या आसपास मोठं जहाज थांबलं. 22 सप्टेंबरच्या रात्री दहाला पावसात होडी परत आली. आठ-नऊ लीग, म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटर वर जाऊन आली होती. पाणी फक्त सात फूट, तेही कमीजास्त. आशियाची वाट इथे संपली.

खाली उतरणं सोपं असावं असं वाटतं, पण नेमकं तेव्हाच जहाज रुतलं. 23 तारखेला वारा पडला आणि ओढीने जहाज उथळावर नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या ओहोटीला ते मधल्या चिखलाच्या दांड्यावर चढलं. त्यावर उपाय एकच, पुढच्या भरतीची वाट बघणं. तोवर माणसं काठावर जाऊन चेस्टनट गोळा करत बसली. 25 तारखेला दक्षिणेचा जोरदार वारा थेट तोंडावर, म्हणून नांगरावरच मुक्काम. 4 ऑक्टोबरला जहाज समुद्रात बाहेर पडलं.

मोठं जहाज मागे, होडी पुढे ही रीत जुनीच. फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिएने 1535 मध्ये कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत मोठी दोन जहाजं आजच्या क्वेबेकजवळ ठेवली, लहान 'एमेरियों' पुढे नेलं, तेही उथळ सरोवरापाशी सोडलं आणि होड्यांनी ओशलागा, म्हणजे आजचं माँट्रियल गाठलं. परतल्यावर नोव्हेंबर ते एप्रिल जहाजं बर्फात अडकली आणि स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने, 25 माणसं गेली.

आपल्याकडचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. नदीत शिरता आलं, बाहेर पडता येईना. 1510 च्या मे महिन्यात आदिलशाही फौजांनी पोर्तुगीजांकडून गोवा परत घेतल्यावर पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कचा ताफा मांडवी नदीत अडकला. मुखावर वाळूचा दांडा आणि वर पावसाळी समुद्र. ऑगस्टपर्यंत पोर्तुगीज काठावरच्या तोफांखाली उपाशीपोटी बसून राहिले. मांडवीचं तोंड पावसाळ्यात असंच बंद होतं, म्हणून तर खनिजाचे बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालबोटी, त्या दिवसांत कुंभारजुवे कालव्याने झुआरी नदीत उतरत.

हडसनवरची ही कसरत जवळपास दोनशे वर्षं चालली. न्यूयॉर्कहून ऑल्बनीला शिडाच्या बोटीला चारेक दिवस लागत, वारा रुसला तर जास्त. 1807 च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट फुल्टनची वाफेची बोट तेच अंतर 32 तासांत गेली, भरती-ओहोटीची वाट न बघता.