वापरलेले किट विमान : मुंबईतील खरेदी, दुरुस्ती आणि उड्डाणशिक्षण

किट विमान म्हणजे सुट्या भागांच्या पेट्यांत येणारे आणि घेणाऱ्याने स्वतः जुळवायचे हलके विमान. सहसा एक किंवा दोन आसनांचे, एका पिस्टन इंजिनाचे. बांधणाऱ्याने ते विकले की ते ‘वापरलेले’ होते आणि मामला बदलतो. कारखान्यात तयार झालेले जुने विमान घेणाऱ्याच्या हाती एका कंपनीचे ठरीव काम येते. किट विमान घेणाऱ्याच्या हाती येते ते एका अनोळखी माणसाच्या हाताचे काम. त्याने कुठला रिवेट मन लावून बसवला, कुठे कंटाळा केला, कुठे आराखडा बाजूला ठेवून स्वतःचे डोके चालवले, हे सगळे विमानाबरोबर विकत मिळते. म्हणून विमान पाहण्याआधी बांधणारा पाहावा.

या छंदाचे माहेर अमेरिका. तिथे १९५३ मध्ये मिल्वॉकी शहरात पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली आणि घरी विमान बांधणाऱ्यांना संघटना मिळाली. बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने केलेले असावे, हा तिथला नियम ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणून ओळखला जातो. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. पण विमान विकले की तो अधिकार नव्या मालकाकडे जात नाही. भारतात किट आणि घरगुती आराखड्यांची विमाने थोडी, तरी ओळख जुनी आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात अमेरिकन विमान-आराखडाकार बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझी’ या आराखड्यावरून एक संशोधन विमान बांधले होते. एनसीसीच्या हवाई विभागातल्या अनेक मुलामुलींनी आकाश पहिल्यांदा पाहिले ते झेनएअर सीएच-७०१ मधून, आणि हे विमानही जगभर किट म्हणून विकले जाते.

मुंबईचे या विषयाशी नाते जुहूपासून सुरू होते. जुहूचा विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब दोन्ही १९२८ चे. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ मध्ये भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले, तेही ‘पस मॉथ’ या छोट्या, एका इंजिनाच्या विमानातून. आज त्याच धावपट्टीवरून प्रामुख्याने हेलिकॉप्टर उडतात. सांताक्रूझचा मोठा विमानतळ इतका जवळ आहे की १९५३ मध्ये एक कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ ही मोठी प्रवासी जेट विमाने चुकून जुहूलाच उतरले होते. जुहूच्या वरचे आकाश सांताक्रूझच्या नियंत्रणात येते, त्यामुळे हौशी माणसाने तिथे सकाळी विमान काढून मनसोक्त घिरट्या घालाव्यात, हे आता शक्य नाही. क्लबचे प्रत्यक्ष उड्डाणशिक्षणही धुळ्याला गेले. मुंबईकराचे विमान म्हणूनच घरापासून लांब राहते: धुळे, शिरपूर, बारामती अशा ठिकाणी. शनिवारची पहाट प्रवासात जाते, आणि हा खर्च हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात.

शहरात विमान बांधता येते हे मात्र सिद्ध झाले आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. ते किट नव्हते, आराखडाही त्यांचाच होता. विमान आधी तयार आणि कागद नंतर, हा त्यांचा अनुभव जुने किट विमान घेणाऱ्यालाही उपयोगी आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी, उड्डाणाची परवानगी, विमा, बाहेरून आणायचे असल्यास आयातीच्या परवानग्या आणि सीमाशुल्क, यांतला एक कागद अडला तर विमान शेडमध्ये वर्षानुवर्षे उभे राहते. भारतातल्या विमानांचे, व्हीटी अक्षरांनी सुरू होणारे नोंदणीचिन्ह आधीच मिळालेले विमान महाग पडले तरी तेच घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

खरेदीच्या वेळी काय पाहावे हे सांगणारी सर्वांत दुःखद घटना १२ ऑक्टोबर १९९७ ची. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांनी दुसऱ्याने बांधलेले लाँग-ईझी नुकतेच विकत घेतले होते. आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या समोर, दोन पायांच्या मध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्याच्या मागे बसवली होती आणि तिच्यावर खुणाही नव्हत्या. डेन्व्हर हजारो तास उडालेले वैमानिक होते, पण या विमानाचा त्यांचा सराव तुटपुंजा होता. इंधन कमी असताना ते निघाले आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापाशी समुद्रात कोसळले. कळ बदलायला मागे वळताना पाय सुकाणूच्या पेडलवर दाबला गेला असावा, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. बांधणाऱ्याने कळ हलवली, किंमत मोजली घेणाऱ्याने. म्हणून आराखडा आणि विमान शेजारी ठेवून एकेक फरक वहीत लिहून काढावा. विकणाऱ्याने बांधणीचे फोटो आणि रोजची नोंदवही जपली असेल तर ती पहिल्या पानापासून वाचावी. बांधणीची वही नसलेले विमान स्वस्त मिळते आणि पुढे महाग पडते.

यानंतर गाठ खाऱ्या हवेशी. सांताक्रूझला पावसाच्या चार महिन्यांत सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने समुद्राचा वारा असतो. किनाऱ्याजवळ उभे राहिलेले विमान बाहेरून चकचकीत दिसले तरी पंखाखालची तपासणीची झाकणे उघडल्याशिवाय बोलू नये. टॉर्च आडवी धरून आत पाहावे. रिवेटच्या डोक्याभोवती पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर अंगठ्याने पुसून बघावे. खालचा पत्रा गुळगुळीत लागला तर प्रश्न सफाईचा आहे. टोचलेल्यासारखे खड्डे लागले तर अ‍ॅल्युमिनियम खाल्ले गेले आहे आणि तो भाग बदलावा लागेल. कापडाने मढवलेल्या विमानात सांगाडा बहुधा पोलादी नळ्यांचा असतो आणि गंज नळीच्या आतून, सगळ्यांत खालच्या टोकाला, पाणी साठते तिथे धरतो. शेपटीजवळची नळी बोटाने नीट चाचपावी, बारीक टोच्याने दाबून पाहावी.

हलक्या किट विमानांत ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीची इंजिने सर्रास आढळतात. ५८२ हे दोन-स्ट्रोकचे, ६५ अश्वशक्तीचे. ९१२ हे चार सिलिंडरचे चार-स्ट्रोक, ८० किंवा १०० अश्वशक्तीचे. दोन्हींच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ५८२ साधारण ३०० तासांनी पूर्ण उघडावे लागते, तर नव्या ९१२ ची मर्यादा २,००० तासांची आहे. विक्रेता ‘फक्त दीडशे तास चाललंय’ म्हणतो तेव्हा वर्षेही विचारावीत, कारण रबरी नळ्या न उडताही म्हाताऱ्या होतात. रोटॅक्स त्या दर पाच वर्षांनी बदलायला सांगते.

९१२ ची तब्येत हाताला कळते. त्याचे तेल वेगळ्या टाकीत असते, त्यामुळे तेलपट्टी पाहण्याआधी पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवून खाली साठलेले तेल टाकीत परत आणावे लागते. इग्निशनचे दोन्ही स्विच बंद, चाकांना ठोकळे, आणि पंखा चालतो त्याच दिशेने सावकाश फिरवायचा. चारही सिलिंडर एकामागून एक हाताला सारखाच उलटा जोर देतात; एक जरी ढिला लागला तरी तिथे चौकशी सुरू करावी. थोड्या फेऱ्यांनी टाकीतून ‘गुडगुड’ ऐकू येते. ती ऐकली की तेल मोजायचे.

इंधनाचा प्रश्न आपल्याकडे नव्याने गंभीर झाला आहे. ९१२ पंपावरच्या पेट्रोलवर चालते, पण त्याला १० टक्क्यांपर्यंतचेच इथेनॉल मान्य आहे आणि आता पंपांवर २० टक्क्यांचे मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुन्या फायबरग्लास टाक्यांचे राळ मऊ करते. त्यामुळे विमानी पेट्रोल घेणेच बरे पडते. हे १०० एलएल इंधन २०२२ पासून इंडियन ऑइलच्या वडोदऱ्याच्या कारखान्यात तयार होते. त्यात शिसे असते, म्हणून तेल अधिक लवकर बदलावे लागते.

दुरुस्तीत मुंबईचा मोह म्हणजे नागदेवी स्ट्रीट. हत्यारे, ड्रिलची पाती, क्लॅम्प यांच्यासाठी याहून चांगला बाजार नाही. पण नट-बोल्ट तिथून घेऊ नयेत, मग दुकानदार ‘हायटेन्साइल आहे शेठ, ट्रकला पण हाच लागतो’ असे कितीही सांगो. विमानाच्या बोल्टचा धातू, मुलामा आणि शँकची (आटे नसलेल्या दांड्याची) लांबी ठरलेली असते आणि त्याच्याबरोबर प्रमाणपत्र येते. पंखाच्या मुळाशी असलेल्या एका बोल्टवर माणसाचा जीव असतो. काम स्वतःच्या हाताने केले तरी शेवटची सही अधिकृत तंत्रज्ञाची लागते, आणि त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घेतले तर तो शिकवतोही. दुरुस्ती संपली की तीनही चाकांखाली काटे ठेवून विमान पुन्हा तोलावे व गुरुत्वमध्य काढावा. जुन्या मालकाने काढलेले आकडे रंगाच्या एका नव्या थराने, जागा बदललेल्या बॅटरीने चुकीचे ठरतात.

उडायला शिकणे या विमानावर सुरू करू नये. विद्यार्थी परवाना १६ व्या वर्षी, खासगी वैमानिकाचा परवाना १७ व्या वर्षी आणि ४० तासांच्या उड्डाणानंतर मिळतो. दहावी उत्तीर्ण आणि वैद्यकीय तपासणी आवश्यक. हे तास क्लबच्या विमानावर, प्रशिक्षकाबरोबर करावेत आणि आठवड्याचे इतर दिवस दुरुस्तीला द्यावेत. पुढे तशाच जातीच्या हलक्या विमानावर सराव घ्यावा, कारण वजन कमी असल्याने या विमानांचा वेग इंजिन बंद पडताच झपाट्याने उतरतो आणि नाक तत्क्षणी खाली करावे लागते. प्रशिक्षण विमानावर मिळणारी दोन-तीन क्षणांची उसंत इथे मिळत नाही. उन्हाळ्यात धुळ्याकडे दुपारची हवा तापून विरळ होते, इंजिन कमी ओढते, धावपट्टी जास्त लागते. म्हणून पहिली उड्डाणे हिवाळ्यातल्या सकाळी.

दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण एकट्याने, विमानतळाच्या वरच, इंजिन थांबले तर धावपट्टी गाठता येईल इतक्या उंचीवर राहून करतात. उतरल्यावर काउल, म्हणजे इंजिनावरचे झाकण, लगेच उघडतात. घट्ट केलेल्या प्रत्येक नटवर बोल्टपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढलेली असते. नट जरासा फिरला तरी ती तुटते. टॉर्च घेऊन एकेक रेघ तपासायची, तेलाचा ओघळ कुठून आला ते बोटाने माग काढत पाहायचे आणि काउल बसवण्याआधी लॉगबुकात लिहायचे: हवेतली मिनिटे, तेलाचा दाब, सिलिंडरचे तापमान, आणि कुठली रेघ हलली ते.