उकळी आधी भांड्याच्या भिंतीलाच का फुटते?

पातेल्यात पाणी तापत ठेवलं की पहिले बुडबुडे तळाला नि कडेला धरतात, मधल्या पाण्यात एकही नाही. खालून आच आहे म्हणून, असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं.

बुडबुडा जन्मायला पाणी आणि वाफ यांच्यामध्ये नवा पृष्ठभाग लागतो आणि त्याला ऊर्जा खर्च होते. हा खर्च त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, वाफ होण्यातला फायदा घनाने, त्यामुळे बुडबुडा अगदी बारीक असताना तोटाच तोटा, तो मिटूनच जातो, एका ठराविक साइजच्या पुढे गेला तरच वाढतो. भिंतीवरच्या खाचांमध्ये थोडी हवा आधीच अडकलेली असते, तिथे हा खर्च बराचसा वाचतो. भिंतच काढून टाकली, म्हणजे पाण्याचा बारीक थेंब दुसऱ्या गरम द्रवात तरंगत ठेवला, तर नेहमीच्या हवेच्या दाबाला पाणी 250 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊनही उकळत नाही! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही थापच वाटली होती.

आता गणित. 1873 मध्ये डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्सने आदर्श वायूच्या समीकरणात (वायूचा दाब, आकारमान नि तापमान यांचं साधं नातं) दोनच गोष्टी घातल्या, रेणू जागा व्यापतात आणि एकमेकांना ओढतात, आणि वायू नि द्रव दोन्ही एकाच समीकरणात आले. तापमान पुरेसं कमी असेल तर त्याच्या आलेखात मध्येच आकारमान वाढलं की दाबही वाढतो, असला पदार्थ टिकूच शकत नाही, तो द्रव आणि वाफ असा विभागला जातो. पाण्यासाठी 374 अंशांच्या वर हा भेदच उरत नाही.

पण या समीकरणाला भिंत, कड वगैरे माहीतच नाही. 1893 मध्ये त्यानेच पुढची आयडिया मांडली: घनता द्रवातून वाफेत उडी मारत नाही, काही रेणूंच्या जाडीत उतरत जाते आणि उतार जितका तीव्र तितकी ऊर्जा जास्त. जॉन कान आणि हिलियर्ड या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये मिश्रणांसाठी असंच सूत्र मांडलं आणि आज कितीतरी सिम्युलेशन त्यावरच चालतात.

तिथे भिंत येते सीमेवरची अट म्हणून. या भिंतीला द्रव आवडतो की वाफ, एवढंच कॉम्प्युटरला सांगायचं, बाकी सगळं तेच ठेवून हा एकच आकडा बदलला की थेंब पसरतो नाहीतर मोत्यासारखा गोल होतो. काही नॅनोमीटरच्या छिद्रात तर अजून गंमत, चारी बाजूंनी भिंतच, आणि तिला द्रव आवडत असेल तर हवेतली आर्द्रता 100 टक्क्यांच्या बरीच खाली असतानाच वाफेचं आत पाणी होऊन बसतं.