संगणन-अर्थव्यवस्था

संगणन-अर्थव्यवस्था : विखुरलेल्या संगणकांची प्रक्रियाशक्ती, स्मृती, साठवण व नेटवर्क-क्षमता कोणाला, किती आणि कधी मिळावी हे किंमत, लिलाव, पत, परतफेड, सामाईक मालकी अशा आर्थिक-सामाजिक संकल्पनांच्या आधारे ठरवण्याची पद्धत. एका संस्थेचा एकच मोठा संगणक असेल, तर अग्रक्रमांची यादी पुरते. संगणक वेगवेगळ्या धन्यांचे असले, की सर्वांना मान्य असा निवाडा करणारा कोणी उरत नाही. शिवाय ‘काम तातडीचे आहे का’ असे फुकट विचारले, तर प्रत्येकाचे काम तातडीचेच असते. किंमत मोजावी लागली म्हणजे निकड खरी किती, ते कळते, अशी या पद्धतीमागची धारणा आहे.

उगम : या कल्पनेचा आरंभ कोठे मानावा, याबाबत एकमत नाही. ग्रिड संगणनावरील (अनेक संस्थांचे संगणक जोडून एकत्र वापरण्यावरील) लेखनात तो बहुधा २००० च्या सुमारास मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात झालेल्या कामाशी जोडला जातो. बहुघटक प्रणालींचे (परस्परांशी व्यवहार करणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रामांच्या समूहांचे) अभ्यासक मात्र रीड स्मिथ यांच्या १९८० मधील ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ या करारपद्धतीकडे बोट दाखवतात. तिसरा पक्ष मार्क मिलर व एरिक ड्रेक्सलर यांच्या १९८८ मधील ‘ॲगोरिक’ प्रणालींवरील निबंधांना मान देतो. ॲगोरा म्हणजे प्राचीन ग्रीक नगरातील बाजाराचा चौक. पैकी कॉन्ट्रॅक्ट नेटमध्ये काम जाहीर होते, यंत्रे बोली लावतात आणि काम एकाला दिले जाते. मात्र ती बोली म्हणजे यंत्राच्या योग्यतेची माहिती असते, त्यात पैशाला स्थान असतेच असे नाही. निविदेचा आकार आहे, किंमत नाही, असे तिचे वर्णन करता येईल. ॲगोरिक निबंधांत उलट किंमत आहे, तत्त्वविचार भरपूर आहे, पण ते मुख्यतः आराखडेच आहेत.

प्रत्यक्ष वापराचा निकष लावला, तर आयव्हन सदरलंड यांच्या जून १९६८ मधील लेखाला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१ या संगणकाचा वेळ तेथे लिलावाने वाटला जाई. वापरकर्त्यांना ‘येन’ नावाचे कृत्रिम चलन मिळे. महत्त्वाच्या प्रकल्पाला जास्त, इतरांना कमी. पुढील दिवसांतील हव्या त्या तासांवर बोली लावायची आणि जास्त बोलीवाल्याने आधीच्याला हटवायचे, असा शिरस्ता होता. खर्ची पडलेले येन पुन्हा वापरकर्त्याच्या हाती येत. त्यामुळे मासिक कोट्याच्या पद्धतीत महिनाअखेरीस जी धावपळ होते, ती येथे टळली. या व्यवस्थेला कितपत बाजार म्हणावे हा प्रश्न उरतोच, कारण चलन कोणी कमावत नव्हते. ते वरून नेमून दिलेले होते. तो एकच संगणक होता, विखुरलेले जाळे नव्हे, हा आक्षेपही खरा आहे. तरी मागणीप्रमाणे चढउतार होणारी किंमत आणि वेगवेगळी क्रयशक्ती हे दोन्ही घटक तेथे स्पष्ट दिसतात.

अनेक यंत्रांवरील पहिल्या ठळक प्रणालींत झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील ‘स्पॉन’ येते. तिचे सविस्तर वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, बांधणी त्याआधीची. रिकाम्या वर्कस्टेशनांचे वेळतुकडे तेथे बंद बोलीने विकले जात. सर्वांत मोठी बोली जिंकते, पण रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी द्यावी लागते, हा अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये अभ्यासलेला प्रकार त्यासाठी निवडला होता. त्यात मनातली खरी किंमत लपवून काही लाभ होत नाही. मोठे काम आपल्या उपकामांना निधी पुरवी, आणि निधी आटला की ती शाखा आपोआप मंदावत असे.

किंमत-निश्चिती : ठरावीक दर, मागणी-पुरवठ्यानुसार हलणारा दर, सौदा, लिलाव आणि प्रमाणशीर वाटा (बोलीच्या प्रमाणात वाटणी) हे नेहमीचे मार्ग होत. मोनॅश येथे राजकुमार बुय्या, डेव्हिड ॲब्रमसन व जोनाथन गिडी यांनी उभारलेल्या निमरॉड-जी या ग्रिड-दलालाला वापरकर्ता दोनच गोष्टी सांगे : काम कधीपर्यंत हवे आणि खर्च किती परवडतो. वेळ हाताशी असल्यास हा दलाल स्वस्त यंत्रे निवडी, मुदत जवळ आली की महाग यंत्रांकडे वळे. दर हलता ठेवावा की लिलाव करावा, या वादात रिच वोल्स्की व सहकाऱ्यांच्या २००१ मधील अनुकरण-प्रयोगांचा (संगणकावर बाजाराची नक्कल करून केलेल्या प्रयोगांचा) कौल हलत्या दराच्या बाजूने होता. त्यात किंमत अधिक स्थिर राहिली. तथापि हा निष्कर्ष अनुकरणावर आधारलेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

लिलावाची खरी अडचण जोडीने लागणाऱ्या साधनांत आहे. प्रक्रियाशक्ती एका लिलावात मिळाली आणि स्मृती दुसऱ्यात हातची गेली, तर पहिलीवरील खर्च वाया जातो. म्हणून संचांवर एकत्र बोली घेणारा संयुक्त लिलाव सुचवला गेला. पण त्यातील विजेते ठरवणे हे गणनेच्या दृष्टीने अत्यंत अवघड कोड्यांत मोडते. प्लॅनेटलॅब या संशोधन-जाळ्यासाठी रचलेल्या ‘बेलाजिओ’ प्रणालीने (२००४) त्यामुळे अचूक उत्तराऐवजी कामचलाऊ उत्तरावर समाधान मानले. कृत्रिम चलनाचे दुखणे निराळे : लोक ते साठवून ठेवतात, किंवा वाटप सैल झाल्यास महागाई होते. कार्ल वॉल्डस्पर्गर व विल्यम वाइल यांच्या सोडत-पद्धतीच्या नियोजनात (१९९४), म्हणजे यंत्राचा वेळ चिठ्ठ्या काढून वाटण्याच्या पद्धतीत, प्रत्येक गटाला स्वतःचे चलन ठेवता येई, त्यामुळे एका गटातील महागाई दुसऱ्याला बाधत नसे.

खऱ्या पैशातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ॲमेझॉनची डिसेंबर २००९ मधील स्पॉट योजना. पडून असलेली यंत्रे बोलीने मिळत आणि भाव बोलीच्या वर गेला की काढून घेतली जात. हा भाव मागणी-पुरवठ्याचा आहे असा समज होता. ओर्ना ॲगमॉन बेन-येहुदा व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये भावांच्या नोंदी तपासून असे दाखवले, की तो बहुतेक वेळा एका दडवलेल्या किमान दरावर चालणाऱ्या सूत्रातून निघत असावा. हे अनुमान बाहेरून केलेले आहे. पण मांडणी पटणारी आहे. २०१७ च्या अखेरीस कंपनीने बोलीची गरजच काढून टाकली आणि भाव संथ गतीने बदलू लागले.

परतफेड व सामाईकता : पैशाविना चालणाऱ्या देवाणघेवाणीत फुकट्यांचा प्रश्न मोठा. एटन अदार व बर्नार्डो ह्यूबरमन यांना २००० मध्ये ग्नुटेला या फायली वाटून घेण्याच्या जाळ्यात आढळले, की सुमारे ७० टक्के वापरकर्ते काहीच देत नाहीत आणि जवळपास निम्मी उत्तरे वरच्या १ टक्का यंत्रांकडून येतात. फायली वाटण्याच्याच बिटटॉरंट या प्रणालीने (२००१) ‘जो देतो त्याला द्या’ हा नियम तुकड्यातुकड्याच्या देवघेवीत बसवला. तो त्या क्षणापुरता चालतो. आज यंत्र दिले आणि परतफेड महिन्याने हवी, तेथे पुरत नाही.

ब्राझीलमधील कँपिना ग्रांदे येथील अवरग्रिडचे ‘उपकारांचे जाळे’ त्यासाठी अधिक विचारपूर्वक बेतलेले दिसते. प्रत्येक सभासद इतरांशी झालेल्या उसनवारीचा हिशेब स्वतःपुरता ठेवतो : त्याच्याकडून मिळाले त्यातून त्याला दिले ते वजा. ही बाकी शून्याखाली मात्र जाऊ देत नाहीत. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या अटीत सारी खुबी आहे. ऋण बाकीची सोय असती, तर बुडव्याने नवे नाव घेऊन पाटी कोरी केली असती. येथे बुडव्या आणि अनोळखी दोघेही शून्यावरच असल्याने नाव बदलून काही पदरात पडत नाही. मध्यवर्ती पेढी लागत नाही आणि कोणाच्या साक्षीवर विसंबावेही लागत नाही.

स्वयंसेवी संगणनात, म्हणजे लोक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ दान देतात तेथे, परतफेडही नसते. परग्रहांवरील बुद्धिमान जीवसृष्टीच्या रेडिओ-संकेतांचा शोध घेणारा सेटी@होम प्रकल्प (१७ मे १९९९ ते मार्च २०२०) आणि त्यातून निघालेल्या बॉइंक या मंचावर मिळणारे गुण कशाच्याही बदल्यात वटत नाहीत. तरी गुणांसाठी खोटी उत्तरे पाठवणारे निघाले, म्हणून एकच काम अनेक यंत्रांना देऊन उत्तरे ताडून पाहावी लागतात. सामाईक साधनांच्या व्यवस्थापनाबाबत एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० मध्ये मांडलेली आठ तत्त्वे जेरेमी पिट व सहकाऱ्यांनी संगणकीय नियमांत उतरवली आहेत. काइल चार्ड व इतरांचा ‘सामाजिक क्लाउड’ (२०१०) फेसबुकवरील ओळखीपाळखीच्या आधारे साठवण-जागेची देवघेव करू पाहतो. तेथे करारापेक्षा मैत्रीचा धाक अधिक गृहीत धरला आहे.