यूएसबी हबच्या पोर्टची वीज : ‘बंद’ म्हणजे नेमके काय?

टर्मिनलवर एक कमांड द्यावी आणि एका यूएसबी जोडणीचे अनेक पोर्ट करून देणाऱ्या हबच्या तिसऱ्या पोर्टवर अडकून बसलेल्या मोडेमची तेवढी वीज जाऊन परत यावी, शेजारच्या पोर्टांना धक्काही लागू नये, ही अपेक्षा वाजवी आहे. यंत्र दूर असेल आणि केबल उपसायला तिथे कोणी नसेल, तर ती निकडीचीही असते. प्रत्यक्षात अनेक हबांवर कमांड यशस्वी होते, पोर्ट बंद असल्याचे पडद्यावर उमटते आणि उपकरणावरचा दिवा मात्र निवांत जळत राहतो. या विसंगतीचे मूळ बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसते. ते यूएसबीच्या अधिकृत मानकाच्या शब्दरचनेत आणि हबमध्ये न बसवलेल्या एका स्विचमध्ये असते.

यूएसबीची १.० आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली, तेव्हा पोर्टच्या विजेवर नियंत्रण ठेवण्यामागे वापरकर्त्याची सोय हा विचार नव्हता. प्रश्न विजेच्या वाटपाचा आणि सुरक्षिततेचा होता. संगणकाकडूनच वीज घेणाऱ्या हबला जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर मिळत. त्यांतले १०० त्याने स्वतःसाठी ठेवायचे आणि उरलेले शंभराच्या हिशेबाने चार पोर्टांना वाटायचे. संगणकाने हबची ओळख पटवून परवानगी देईपर्यंत पुढच्या उपकरणांना वीज द्यायची नाही, हे बंधन असल्यामुळे अशा हबमध्ये स्विच आवश्यकच होता. स्वतंत्र अडॅप्टर असलेल्या हबला मात्र प्रमाणाबाहेर प्रवाह गेल्यास तो रोखण्याची व्यवस्था पुरेशी ठरवली गेली आणि स्विच ऐच्छिक राहिला. जे ऐच्छिक असते ते खर्च वाचवताना सर्वांत आधी गळते, तसेच इथेही झाले.

एप्रिल २००० मधल्या २.० आवृत्तीत हबने आपले गुणधर्म कसे सांगायचे ते काटेकोरपणे मांडलेले आहे. हबच्या वर्णनातील वैशिष्ट्यांच्या रकान्यात सर्वांत खालचे दोन बिट ‘००’ असतील तर सगळ्या पोर्टांची वीज एकत्र चालू-बंद होते आणि ‘०१’ असतील तर प्रत्येक पोर्टची वेगळी. एकत्रित जोडणीत सगळे पोर्ट बंद केल्याशिवाय कोणाचीच वीज जात नाही. पण खरी गोम पुढे आहे. पोर्टची वीज चालू किंवा बंद करण्याची विनंती स्विच नसलेल्या हबनेही स्वीकारलीच पाहिजे, असे मानक सांगते; आणि पोर्टच्या स्थितीतला विजेचा बिट ही केवळ तार्किक अवस्था असून पोर्टवर प्रत्यक्ष वीज आहे की नाही हे त्यावरून कळेलच असे नाही, हेही तिथेच नोंदवलेले आहे. म्हणजे ‘बंद आहे’ असे सांगूनही पाच व्होल्ट सोडत राहणारा हब सरळसरळ नियमभंग करतोच असे नाही. त्याच्यावर रागवावे तर कोणत्या कलमाखाली!

ही विनंती कमांड लाइनवरून पाठवणारा छोटा सी प्रोग्रॅम, ‘हब-कंट्रोल’, निइबे युताका यांनी २००६ मध्ये लिहिला. त्या काळात लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधील उपकरण निद्रिस्त करण्याची सोय आणि वीज तोडण्याची सोय यांची सर्रास गल्लत होत असे; वास्तविक निद्रिस्त उपकरण प्रवाह कमी घेते, पण त्याच्या तारेवरचे पाच व्होल्ट तसेच असतात. पुढे ‘यूहबकंट्रोल’ हे साधन रूढ झाले. हबचे ठिकाण, पोर्टचा क्रमांक आणि कृती एवढे सांगितले की काम होते. ‘सायकल’ ही कृती दिल्यास पोर्ट बंद होऊन काही क्षणांनी पुन्हा चालू होतो. चालण्याजोग्या हबांची त्यासोबतची यादी मला साधनाइतकीच मोलाची वाटते, कारण एकाच मॉडेलची एक आवृत्ती चालते आणि दुसरी चालत नाही, असे त्या यादीत वारंवार दिसते.

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० ने गुंता वाढवला. एकच दिसणारा हब संगणकाला दोन हब म्हणून दिसतो, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. सॉकेट मात्र एकच, विजेची तारही एकच. त्यामुळे दोन्ही बाजूंनी पोर्ट बंद केला तरच वीज जाते. त्यातच विजेचा बिट जुन्या रचनेत आठव्या स्थानावर आणि नव्या रचनेत नवव्या स्थानावर. जोडीतले दोन हब ओळखून दोघांनाही एकाच वेळी विनंती पाठवणे हे यूहबकंट्रोलचे मोठे काम आहे.

दुसरी अडचण कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची होती. पोर्टची वीज बाहेरच्या प्रोग्रॅमने तोडली तर लिनक्सला त्याचा पत्ताच लागत नसे. उपकरणाची फाइल जागच्या जागी राही आणि ती वाचायला गेल्यावर त्रुटी येई. २०२२ मधल्या ६.० कर्नेलमध्ये प्रत्येक पोर्टसाठी ‘डिसेबल’ नावाची फाइल आली. तीत १ लिहिले की कर्नेल स्वतःच उपकरण सोडवून पोर्ट बंद करतो.

एवढ्याने हबमध्ये नसलेला स्विच उगवत नाही. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावरचे चारही यूएसबी पोर्ट विजेच्या दृष्टीने एकाच स्विचवर आहेत, आणि ‘०१’ सांगणाऱ्या चिपभोवती स्विचच न लावलेले हब बाजारात भरपूर आहेत. तिथे फक्त डेटा तुटतो. म्हणून पोर्ट बंद केल्यावर त्यात एखादा साधा यूएसबी दिवा खोचून पाहावा. डेटाच्या तारा नसलेला तो दिवा विझला, तरच स्विच खरा.