अजगराच्या नख्या आणि गळालेली सतरा अक्षरे

सर्पमित्राच्या हातातला अजगर कधी पोटाकडून पाहायला मिळाला, तर शेपूट सुरू होते त्या जागी नीट बघा. मलद्वाराच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड, वाकडी नखी असते. नरात ती जास्त ठळक असते आणि मीलनाच्या वेळी तो तिने मादीला डिवचतो. कातडीखाली ही नखी एका छोट्या हाडाला जोडलेली असते. ते असते मांडीचे हाड. म्हणजे अजगराला मागचे पाय आहेत, पण मांडीच्या पुढे ते वाढलेलेच नाहीत. नाग, मण्यार, घोणस यांच्याकडे तेवढेही उरलेले नाही.

साप सरड्यांच्याच कुळातले, त्यामुळे त्यांच्या पूर्वजांना पाय होते यात नवल नाही. अर्जेंटिनात सापडलेल्या आणि 2006 मध्ये जगापुढे आलेल्या नाजाश या सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या सापाला चांगले मागचे पाय होते. खरा प्रश्न ते गेले कसे, हा आहे. पाय घडवणारी जनुके नष्ट झाली असतील, असे चटकन वाटते. पण ती जनुके सापात आजही आहेत आणि रोज कामावर आहेत.

त्यातले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘सॉनिक हेजहॉग’. 1993 मध्ये पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ते सापडले तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला चक्क व्हिडिओ गेममधल्या पात्राचे नाव दिले. (गंभीर आजाराचे निदान पालकांना सांगताना हे नाव उच्चारावे लागणाऱ्या डॉक्टरांना या विनोदाचे फारसे कौतुक नसते.) भ्रूणाला पाय फुटतो तो आधी एका कोंबाच्या रूपात. या कोंबाच्या मागच्या कडेच्या पेशी सॉनिक हेजहॉगचे प्रथिन तयार करतात आणि ते पुढच्या बाजूला पसरत जाते. ते जिथे भरपूर, तिथे करंगळी तयार होते. जिथे पोहोचतच नाही, तिथे अंगठा. प्रथिन बनणे थांबले, तर कोंबाची वाढही खुंटते.

पण हेच जनुक मेंदू, मज्जारज्जू, फुप्फुसे आणि चेहरा घडवतानाही लागते. उंदराच्या भ्रूणातून ते पूर्ण काढून टाकले तर चेहऱ्याच्या मधोमध एकच डोळा तयार होतो आणि पिल्लू जगत नाही. घरातल्या एका खोलीत अंधार हवा म्हणून कोणी मेन फ्यूज काढत नाही, त्या खोलीचे बटण बंद करतो. उत्क्रांतीनेही नेमके तेच केले.

हे बटण म्हणजे डीएनएचाच एक तुकडा. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. अमुक जनुक कुठे आणि केव्हा चालू व्हावे, एवढेच ठरवतो. पायांसाठी सॉनिक हेजहॉग चालू करणाऱ्या बटणाला ‘झेडआरएस’ म्हणतात. त्याची लांबी जेमतेम आठशे अक्षरांची (अक्षरे म्हणजे डीएनएच्या साखळीतले एकेक रासायनिक घटक). गंमत म्हणजे ते आपल्या जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर, भलत्याच एका जनुकाच्या पोटात बसलेले आहे. डीएनएचा धागा दुमडतो तेव्हा ही दोन टोके जवळ येतात. उंदरातून नुसते झेडआरएस काढले, तर बाकी उंदीर ठणठणीत राहतो, फक्त पायांच्या जागी खुंट उरतात. उलट, या तुकड्यातले एखादेच अक्षर बदलले तर बटण अंगठ्याच्या बाजूलाही चालू होऊ शकते आणि जादा बोट फुटते. काही माणसांतला जोडअंगठा असाच येतो. अमेरिकेतल्या की वेस्ट बेटावर लेखक हेमिंग्वेच्या घरात आजही नांदणाऱ्या सहा बोटांच्या मांजरांचे कारणही हेच.

2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत एक देखणा प्रयोग झाला. उंदराचे झेडआरएस काढून त्याजागी इतर प्राण्यांचे बसवले. माणसाचे बसवले, पाय नीट आले. माशाचे बसवले, तरीही आले. अजगराचे किंवा नागराजाचे बसवले तेव्हा मात्र पिल्लांच्या पायांचे खुंट झाले. मग अक्षरांशी अक्षरे ताडून पाहिली, तेव्हा सापांच्या बटणातून सतरा अक्षरांचा एक तुकडा गळालेला आढळला. चालू करणारी प्रथिने येऊन चिकटतात, त्यातली एक जागा त्या तुकड्यात होती. अजगराच्या बटणात ती सतरा अक्षरे परत घालून ते उंदरात बसवले आणि उंदराला पुन्हा चार धड पाय आले.

त्याच वर्षी फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी अजगराची अंडी तपासली. भ्रूणाच्या मागच्या कोंबात सॉनिक हेजहॉग थोडा वेळ चालू होते आणि मग विझते. तेवढ्या अवधीत नडगीच्या आणि पावलाच्या हाडांची पूर्वतयारीही दिसते. पुढे ती विरून जाते.

‘सतरा अक्षरांनी सापाचे पाय नेले’ अशा बातम्या तेव्हा झळकल्या. मला त्या पटत नाहीत. पाय आधी इतर कारणांनी आखूड होत गेले असतील आणि वापरात नसलेले बटण नंतर मोडले असेल, हेही तितकेच शक्य आहे. शिवाय पाय गमावणे म्हणजे साप होणे नव्हे. सरड्यांच्या वंशात पाय वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे गेले आहेत. आपल्या सह्याद्रीतले देवगांडूळ तर सरपटणाऱ्या प्राण्यांतलेही नाही, ते बेडकांचे नातेवाईक, आणि तेही बिनपायाचे.

सापाला लांबीही लागते. माणसाचे मणके 33, सापाचे दोनशे ते चारशे. भ्रूणात मणक्यांचे ठोकळे एकामागून एक ठरावीक वेळाने पडत जातात: कोंबडीत दर दीड तासाने, उंदरात दोन तासांनी, माणसात सुमारे पाच तासांनी. 2008 मध्ये जीवशास्त्रज्ञ ऑलिव्हिए पूर्किए यांच्या गटाला असे दिसले की सापाच्या भ्रूणात हे घड्याळ वाढीच्या गतीच्या मानाने उंदरापेक्षा जवळपास चौपट वेगाने टिकटिकते. म्हणून तेवढ्याच ऊतीतून लहान लहान, पण पुष्कळ ठोकळे पडतात. जिराफाने लांब मानेसाठी दुसरीच वाट धरली: मणके आपल्याइतकेच सात, फक्त एकेक प्रचंड.

या मणक्यांना बरगड्या मात्र मानेपासून शेपटीपर्यंत. उंदरात ‘हॉक्स-10’ गटाची जनुके कमरेच्या मणक्यांना बरगड्या फुटू देत नाहीत; ती सगळी काढली की कमरेलाही बरगड्या येतात. सापात ही जनुके आहेत आणि योग्य जागी चालूही होतात, पण त्यांचा हुकूम जिथे पोहोचायला हवा ते बटण बदलले आहे, त्यामुळे बरगड्या फुटतच राहतात.

मग पायांची इतर बटणे दहा कोटी वर्षांत पुरती नाहीशी का झाली नाहीत? त्यांचा तपास केल्यावर अनेक तुकडे सापांत बऱ्यापैकी शाबूत आढळले. कारण पाय आणि जननेंद्रिय भ्रूणात बरेचसे सारख्याच बटणांवर घडतात. ‘टीबीएक्स-4’ या जनुकाचे असे एक बटण सरड्यात दोन्ही कामे करते. सापातले तेच बटण पायाचे काम विसरले आहे, दुसरे मात्र अजून चोख करते.